शेजारच्या टेबलाचा पगार

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत दोन प्रकारचे स्टेनो होते. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली बसणाऱ्या बायका, त्यांचं पद ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’. आणि बाकीच्या कामाला पुरुष स्टेनोग्राफर. डिक्टेशन घ्यायचं, टाइप करायचं, कागद सांभाळायचे, काम तेच. पगार मात्र बायकांचा कमी. ऑड्री डिकोस्टा यांनी समान वेतन कायद्याखाली दाद मागितली, तेव्हा कंपनीने सांगितलं की हे पदच वेगळं आहे, पगार युनियनशी झालेल्या करारातून ठरला आहे, आणि फरक भरून देण्याची कंपनीची ऐपत नाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तिन्ही बचाव फेटाळले. पदाची पाटी नको, प्रत्यक्ष काम बघा. कायद्याने दिलेला हक्क युनियनच्या सहीने कमी होत नाही. आणि पैसे नाहीत ही सबब समान वेतनाच्या दाव्यात चालत नाही.

या निकालाची कायद्याच्या वर्गात वाहवा होते, पण त्यातली सर्वांत उपयोगाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. डिकोस्टा यांच्या तक्रारीत दुसरा माणूस होता. तेच काम करणारा, त्याच कंपनीतला, त्याच काळातला, जास्त पगाराचा. तो नसता, तर उरलं असतं ते ‘मला पगार कमी आहे’ एवढं गाऱ्हाणं, आणि कमी पगार हा आपल्या कायद्यात भेदभाव नाही. नोकरीतल्या भेदभावाच्या कितीतरी तक्रारी खऱ्या असूनही पडतात, त्याचं मोठं कारण मला हेच दिसतं. आपल्यावर काय झालं हे लोक पानंच्या पानं लिहितात. त्याच परिस्थितीत दुसऱ्याशी काय झालं, याची एक ओळही नसते.

पण तुलनेआधी एक वेगळीच अडचण उभी राहते. नोकरीतला सगळा भेदभाव एका छताखाली आणणारा कायदा भारतात नाही. संविधानाची कलमं १४, १५ आणि १६ समतेची हमी देतात. सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांवरून डावलता येणार नाही, असं कलम १६ स्पष्ट सांगतं. मात्र ही हमी मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहे. मंत्रालय, महापालिका, सरकारी बँक, सरकारी महामंडळ यांच्या दारात तिचा आधार घेऊन उभं राहता येतं. खासगी कंपनीतल्या माणसाला संसदेने केलेला एखादा विशिष्ट कायदा शोधावा लागतो, आणि ते कायदे एकेका कारणापुरते आहेत. लिंगावरून वेतनात आणि भरतीत भेद केला तर वेतन संहिता. गरोदरपण असेल तर प्रसूती लाभाची तरतूद. अपंगत्व असेल तर २०१६ चा कायदा. एचआयव्हीसाठी २०१७ चा, तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा, लैंगिक छळासाठी २०१३ चा. अस्पृश्यतेविरुद्ध १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. कुठे तक्रार समिती, कुठे आयुक्त, कुठे लोकपाल, कुठे थेट पोलीस ठाणं. मुदती वेगळ्या, पुराव्याचे नियम वेगळे.

आणि मधे मोठमोठी भगदाडं आहेत. खासगी कंपनीने ‘चाळिशीच्या पुढचे नकोत’ असं ठरवलं, तर त्याला थेट अडवणारा केंद्रीय कायदा नाही. धर्म बघून अर्ज बाजूला टाकला, आडनाव बघून मुलाखतीलाच बोलावलं नाही, भाषेच्या लकबीवरून नाकारलं, अविवाहित मुलीला ‘लग्नानंतर सोडून जाल’ म्हणून नाकारलं. यातल्या शेवटच्या प्रकाराला लिंगभेदाच्या तरतुदीत बसवता येतं, बाकीच्यांना फार थोडा आधार. रोजगार आणि व्यवसायातल्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १११ क्रमांकाचा करार भारताने १९६० साली स्वीकारला. सच्चर समितीने २००६ साली समान संधी आयोगाची शिफारस केली. सर्वसमावेशक भेदभावविरोधी कायद्याचं खासगी विधेयकही लोकसभेत येऊन गेलं. इतक्या वर्षांत कायदा झालेला नाही, आणि ज्या देशात आडनाव हीच ओळखपत्राची पहिली ओळ असते, तिथे ही उणीव किरकोळ मानायला मी तयार नाही. तो कायदा येईपर्यंत मात्र आहे त्यातूनच वाट काढावी लागते. म्हणून तक्रार लिहायला बसण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न हा, की माझ्याशी वेगळं वागण्याचं कारण काय, आणि ते कारण कुठल्या कायद्यात लिहिलेलं आहे. ‘साहेब माझ्यावर खार खाऊन आहेत’ हे कितीही खरं असलं तरी त्याला या कायद्यांत घर नाही. ‘बाळंतपणाची रजा मागितली त्या महिन्यापासून माझं काम काढून घेतलं’ याला आहे.

पगाराच्या फरकापासून सुरुवात करू, कारण तिथे कायदा सर्वांत स्पष्ट आहे. १९७६ चा समान वेतन कायदा आता वेतन संहितेत विलीन झाला आहे. संसदेने ती २०१९ साली मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. एकाच मालकाकडे, सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल तर लिंगावरून वेतनात फरक करता येत नाही, आणि भरतीत वा नोकरीच्या अटींतही भेद करता येत नाही. सारखं काम म्हणजे कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी यांत सारखं. बारीकसारीक फरक असला तरी हरकत नाही. ‘कर्मचारी’ या शब्दात संहितेने पर्यवेक्षक, व्यवस्थापक, प्रशासकीय कर्मचारी असे सगळे घेतले आहेत, त्यामुळे ‘मी मॅनेजर, मला कामगार कायदा कुठला’ असं समजून गप्प बसायचं कारण नाही. दावा घटनेपासून तीन वर्षांच्या आत करायचा. तो स्वतः करता येतो, नोंदणीकृत युनियनमार्फतही करता येतो. दावा ऐकणाऱ्या सरकारी प्राधिकाऱ्याला देय रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. आणि वेतन कमी दिल्याचा दावा असेल, तर पूर्ण वेतन दिलं हे दाखवण्याचा भार मालकावर असतो.

यासाठी एक तक्ता करावा. एका रकान्यात तुम्ही, शेजारी सहकारी. आणि खाली ओळीने पद, रुजू झाल्याची तारीख, शिक्षण, आधीचा अनुभव, प्रत्यक्ष कामं, हाताखाली किती माणसं, कामाचे तास आणि पाळ्या, मूळ पगार, भत्ते, गेल्या तीन वाढी आणि त्यांच्या तारखा. सहकारी निवडताना घाई नको. सर्वांत जास्त पगाराचा माणूस निवडण्याचा मोह होतो, आणि तिथेच दावा ढासळतो, कारण तो सहसा चार वर्षं जुना किंवा एक पदवी वर असतो, आणि मालकाचं उत्तर तयार असतं: सेवाज्येष्ठता, शिक्षण. तुमच्या आगेमागे सहा महिन्यांत लागलेला, तेवढ्याच शिक्षणाचा सहकारी शोधा, मग त्याचा पगार तुमच्यापेक्षा थोडाच जास्त असला तरी चालेल. शक्य असल्यास दोघे-तिघे शोधा, म्हणजे ‘तो अपवाद आहे’ असं म्हणता येणार नाही.

दुसरी चूक सीटीसीची, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाच्या आकड्याची, तुलना करण्याची. सीटीसीत ग्रॅच्युइटी, विमा, कामगिरीवर मिळणारी बदलती रक्कम असं काय काय मिसळलेलं असतं. एकाची सीटीसी जास्त आणि हातात येणारा पगार कमी असंही घडतं. मूळ पगार आणि ठरलेले भत्ते ओळीओळीने लावा. संहितेच्या वेतनाच्या सर्वसाधारण व्याख्येतून घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता आणि ओव्हरटाइम बाहेर आहेत, पण समान वेतनाचा हिशेब करताना तेही धरायचे, अशी खास तरतूद आहे. मूळ पगार सारखा दाखवून घरभाड्यात फरक ठेवण्याची वाट त्यामुळे बंद होते.

सहकाऱ्याचा पगार कळणार कसा? त्याने स्वतः सांगितला तर उत्तम. पदाची जाहिरात, वाढीचं परिपत्रक, युनियनचा करार यांतून अंदाज येतो. कार्यालयाच्या संगणकातून पगारपत्रकाची फाइल मात्र उतरवून घेऊ नका. भेदभावाची चौकशी राहते बाजूला आणि तुमच्यावरच गोपनीय माहिती चोरल्याचं आरोपपत्र निघतं. कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार प्राधिकाऱ्याला आहेत. नाव, पद आणि अंदाजे फरक सांगितलात, तर वेतन नोंदवही मागवण्याची मागणी अर्जातच करता येते.

सरकारी नोकरीत हेच काम सोपं आहे, कारण तिथे कागद मागण्याचा हक्क आहे. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात सेवाज्येष्ठता यादी, बिंदुनामावली (कुठलं पद कुठल्या प्रवर्गासाठी राखीव याचा तक्ता), विभागीय पदोन्नती समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, त्या काळातल्या पदोन्नतीच्या आदेशांच्या प्रती मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. दुसऱ्याचा गोपनीय अहवाल, म्हणजे वरिष्ठाने लिहिलेले वार्षिक कामगिरीचे शेरे, मागितलात तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येईल, त्यात वेळ घालवू नये. स्वतःच्या गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कळण्याचा हक्क २००८ च्या देव दत्त निकालापासून पक्का आहे, चांगली नोंद असली तरी. कारण स्पर्धेत ‘चांगला’ हा शेराही ‘अत्युत्कृष्ट’ पुढे माणसाला मागे टाकतो. राज्य सरकारी कर्मचाऱ्याने दाद मागायची ती मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, अंतिम आदेशापासून एक वर्षात. निवेदन दिलं आणि उत्तरच आलं नाही, तर सहा महिने वाट पाहून तिथून पुढे एक वर्ष. इथे फसगत होते ती दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या निवेदनात. माणूस दर वर्षी नवं निवेदन देतो आणि समजतो की प्रकरण जिवंत आहे. मुदत पहिल्याच निवेदनापासून धावत असते.

आता तुलनेची एक अवघड बाजू. नियम सगळ्यांना सारखाच लावला, मग भेदभाव कसला, हा प्रश्न प्रामाणिकपणेही विचारला जातो. सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांच्या प्रकरणाने त्याचं फार नेमकं उत्तर दिलं. फेब्रुवारी २०२० मध्ये बबिता पुनिया निकालाने त्यांना कायमस्वरूपी कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत सेवेत राहण्याचा, हक्क दिला. मग निवडीसाठी वैद्यकीय तंदुरुस्तीचा निकष लावला गेला, पुरुषांना लावतात तोच. पण पुरुषांची तपासणी नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, ऐन तरुणपणी झालेली. बायकांना तो हक्कच उशिरा मिळाल्यामुळे त्यांची तपासणी चाळिशी-पन्नाशीच्या घरात. मार्च २०२१ च्या नितीशा निकालात सर्वोच्च न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. निकषाचे शब्द सारखे असले तरी तो कोणावर कसा पडतो हे बघायचं, हेतू वाईट होता का हे शोधत बसायचं नाही. आपल्या कार्यालयातले ‘सगळ्यांना सारखे’ नियम या नजरेने पाहावेत. सलग बारा महिने हजर असणाऱ्यालाच वाढ, असा नियम कागदावर कोणाचंच नाव घेत नाही. बाळंतपणाच्या रजेवर गेलेली प्रत्येक जण मात्र त्यात अडकते. अशा वेळी एका सहकाऱ्याशी तुलना पुरत नाही. गेल्या तीन-चार वर्षांत या नियमाने कोण कोण वगळले गेले, त्यात बायका किती, पुरुष किती, असा गटाचा हिशेब मांडावा लागतो.

बाळंतपणाबद्दल कायदा स्पष्ट असूनही सर्वांत जास्त अडवणूक तिथेच होते. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा, त्यातले प्रसूतीपूर्व जास्तीत जास्त आठ. आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं. या रजेच्या काळात कामावरून काढणं किंवा नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करणं बेकायदा आहे. रोजंदारीवर हजेरीपटावर असलेल्या बायकांनाही हा लाभ मिळतो, हे दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात २००० साली ठरलं. म्हणून मालक सहसा काढून टाकत नाही, ती रजेवरून परतल्यावर ‘तुमची जागा आता भरली आहे’ म्हणून कमी जबाबदारीचं काम देतो. म्हणून रजेवर जाण्याआधी आपल्याकडची कामं, हाताखालची माणसं, ग्राहक किंवा प्रकल्प यांची यादी वरिष्ठांना ईमेलने पाठवून ठेवावी, ‘हस्तांतरासाठी’ एवढंच लिहून. परतल्यावर तुलना करायला हाच कागद कामाला येतो. मुलाखतीत ‘मूल कधी होणार’ हा प्रश्न आजही सहज विचारला जातो. आयुर्विमा महामंडळाच्या घोषणापत्रात पाळीच्या आणि गर्भधारणेच्या तपशिलांचे रकाने होते. नीरा माथुर यांच्या प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते काढून टाकायला सांगितले.

हे सगळं एका रेषेत पुढे गेलं असं नाही. १९८१ च्या एअर इंडिया निकालात पहिल्या गरोदरपणात हवाईसुंदरीची नोकरी संपवण्याचा नियम रद्द झाला, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट न्यायालयाने तेव्हा योग्य ठरवली. लग्न केलं म्हणून १९८८ साली सैन्याच्या परिचर्या सेवेतून काढलेल्या अधिकारी महिलेला ६० लाख रुपयांची भरपाई मिळाली ती २०२४ साली. हिंदी-मराठी चित्रपटसृष्टीत बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड न देणारा संघटनेचा नियम २०१४ पर्यंत टिकला होता.

अपंगत्वाच्या बाबतीत तुलना उलटी फिरते. इथे ‘आम्ही त्यांना इतरांसारखंच वागवलं’ हाच आरोप ठरू शकतो. वाजवी सोय नाकारणं म्हणजे भेदभाव, असं २०१६ च्या कायद्याने लिहूनच ठेवलं आहे. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तळमजल्यावरची जागा, उपचाराच्या दिवशी पाळी बदलून देणं, बैठकीचा मजकूर लेखी देणं, अशा या सोयी. फार खर्चिक किंवा अव्यवहार्य असेल तर नकार देता येतो, पण तसं दाखवून द्यावं लागतं. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून सोय नाकारणं सर्रास चालतं. ती अट आरक्षणासारख्या लाभांची आहे, सोयीची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या विकास कुमार निकालात स्पष्ट केलं. तक्रार पडते ती मागणीच लेखी नसल्यामुळे. तोंडी सांगितलं, साहेबांनी ‘बघू’ म्हटलं, दोन वर्षं गेली. मागणीच्या पत्रात कामातला नेमका अडथळा, हवी असलेली नेमकी सोय, डॉक्टरांचं पत्र आणि उत्तरासाठी पंधरा दिवस एवढं असलं की पुरे. पंधरा दिवसांनंतरचं मौन हाच नकार धरून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. ते कार्यालय पुण्यात आहे.

२०२१ च्याच धारिवाल प्रकरणातली एक गोष्ट तर प्रत्येकाने लक्षात ठेवावी. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या अधिकाऱ्याचा मानसिक आजार आणि त्याच्यावरची शिस्तभंगाची कारवाई, असा तो विषय होता. अपंगत्व हे कारवाईचं एकमेव कारण होतं हे सिद्ध करायची गरज नाही. अनेक कारणांपैकी ते एक होतं एवढं पुरतं, असं न्यायालय म्हणालं. प्रत्यक्षात मालकाकडे नेहमीच दुसरं एखादं कारण असतं, उशिरा येणं, चुकलेला अहवाल, तुटलेलं लक्ष्य, आणि ते थोडंफार खरंही असतं. तेवढ्याने या कायद्याखालचं प्रकरण संपत नाही.

जातीबद्दल लिहिताना हात जड होतो, कारण इथे भेद सगळ्यांत जुना आणि पुरावा सगळ्यांत पातळ. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाल्यापासून अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला इतरांना खुल्या असलेल्या नोकरीत वा व्यवसायात अडथळा आणणं, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं हे स्पष्ट गुन्हे आहेत. अपमानाच्या कलमासाठी मात्र तो प्रकार लोकांच्या नजरेच्या टप्प्यात घडलेला असावा लागतो. बंद केबिनमध्ये दोघांतच झालेलं बोलणं त्यात बसत नाही, हे २०२० च्या हितेश वर्मा निकालानंतर आणखी ठळक झालं. म्हणून साक्षीदार कोण, कुठे उभे होते, दार उघडं होतं का, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. महाराष्ट्रातल्या भटक्या-विमुक्त आणि इतर मागासवर्गीयांना हा कायदा लागू होत नाही, हे अनेकांना पोलीस ठाण्यात गेल्यावर कळतं. आणि बढती न मिळणं, महत्त्वाचं काम न मिळणं, डबा खाताना टेबल रिकामं होणं, अशा गोष्टी फौजदारी कलमात सहज मावत नाहीत. सरकारी खात्यात किंवा सार्वजनिक उपक्रमात असाल तर राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे सेवाविषयक तक्रार नेता येते. खासगी नोकरीत कामगार या व्याख्येत बसत असाल, तर महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याची वाट वापरली जात आली आहे. गुणवत्ता न बघता काही कामगारांना झुकतं माप देणं ही त्यात अनुचित प्रथा आहे. जातीचा शब्द कुठेच न येताही पक्षपात या नावाने तुलना तिथे मांडता येते. या कायद्याखालची तक्रार, वकिलांच्या भाषेत ‘यूएलपी’, नव्वद दिवसांत टाकावी लागते. नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाल्यामुळे आता आधी कुठलं दार ठोठवायचं, हे कामगार न्यायालयात उभ्या राहणाऱ्या वकिलाला त्या नव्वद दिवसांच्या आतच विचारून घ्या.

लैंगिक छळाचा कायदा लोक वेगळा समजतात, पण त्याचं मूळ समतेतच आहे. १९९७ च्या विशाखा निकालाने छळाला समतेच्या हक्काचं उल्लंघन म्हटलं आणि २०१३ च्या कायद्याची प्रस्तावनाही तेच सांगते. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरची. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणाऱ्या बायकांनाही तिथे जाता येतं. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, साक्षीदारांची नावं आणि कागदांसह सहा प्रती. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने. सात कामकाजी दिवसांत प्रत समोरच्याला जाते, दहा कामकाजी दिवसांत त्याचं उत्तर, चौकशी नव्वद दिवसांत, पुढच्या दहा दिवसांत अहवाल, आणि मालकाची कारवाई साठ दिवसांत. बिघडतं ते समितीच्या रचनेत. बाहेरची सदस्य नेमलेलीच नसते, किंवा सुनावणीला अध्यक्षांसह तीन सदस्य हजर नसतात, आणि मग वर्षभराची चौकशी अपिलात कोसळते. पहिल्याच दिवशी समितीच्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत मागून घ्यावी. चौकशी चालू असताना आरोपी तुमचा वरिष्ठ असेल, तर कामगिरीचा अहवाल त्याने लिहू नये, अशी लेखी विनंती करता येते. बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची जादा रजाही मागता येते. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही, असं कायदाच म्हणतो; या भीतीपायी गप्प राहणाऱ्या बायकांना हे वाक्य कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवं.

कागदांबद्दल थोडं. रोजची नोंद एका साध्या वहीत, तारीख आणि वेळ घालून, त्याच दिवशी. महिन्याभराने एका बैठकीत भरलेली वही उलटतपासणीत पाच मिनिटं टिकत नाही. तोंडी झालेल्या बोलण्यानंतर त्याच संध्याकाळी ‘आज आपण असं म्हणालात’ एवढा दोन ओळींचा ईमेल वरिष्ठांना पाठवावा. त्यांनी खोडून काढला नाही, तर तो बोलतो. पत्र हाताने दिलं तर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. पोच द्यायला नकार मिळाला, तर तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा. व्हॉट्सॲपचे कापलेले स्क्रीनशॉट कमजोर पडतात, आधी-नंतरचा संवाद आणि क्रमांक दिसेल असं ठेवा आणि मूळ फोन बदलू नका, कारण नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. कार्यालयाचा ईमेल एका दिवसात बंद होतो. स्वतःचं नेमणूकपत्र, पगारपावत्या, मूल्यमापनाची पत्रं वेळीच घरी ठेवलेली बरी.

सर्वांत मोठं नुकसान राजीनाम्यात होतं. एचआर समोर बसून सांगतं की काढून टाकल्याचा शिक्का नको असेल तर ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहून द्या, अनुभवपत्र चांगलं देऊ. त्या दोन शब्दांनी आतापर्यंतची सगळी तुलना पुसली जाते. जावंच लागणार असेल तर खरं कारण दोन ओळींत लिहा. हिशेबाच्या अंतिम पावतीवर ‘माझी काहीही मागणी उरलेली नाही’ असं छापलेलं असतं. पैसे घ्या, पण सहीशेजारी ‘हक्क राखून स्वीकारले’ एवढं हाताने लिहा आणि त्या पानाचा फोटो काढा.

तक्रारीनंतर सूड येतो, हे धरूनच चालावं. बैठकीच्या निमंत्रणातून नाव गळतं, रजा नामंजूर होतात, आजवर चांगले असलेले शेरे अचानक ‘असमाधानकारक’ होतात. इथेही तुलनाच मांडायची, फक्त ती स्वतःशी: तक्रारीआधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने, त्याच तक्त्यात, तारखांसह. दोन वर्षांचे चांगले शेरे आणि तक्रारीनंतर तीन आठवड्यांत आलेली पहिली मेमो एका पानावर शेजारी आली, की ‘कामगिरी खराब’ या उत्तराला पुढच्या प्रश्नांना सामोरं जावं लागतं.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून मुदत घालवू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, दूरध्वनीवर १५१०० हा क्रमांक आहे. जाताना तक्ता, वही, पत्रांच्या पोचा आणि शेवटच्या घटनेची तारीख बरोबर न्या. तिथे बसलेल्या वकिलाचा पहिला प्रश्न त्या तारखेबद्दल असेल.